रिमोटच्या पाच कळा आणि देवनागरीची कसरत

मुंबईच्या उपनगरांत टीव्ही पाहण्याची रीत गेल्या वीस वर्षांत दोनदा बदलली. पूर्वी केबलवाल्याची तार थेट संचाला जोडली की काम भागत असे. १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी दुसरा रिमोट आला. पुढे 'हॉटस्टार' (२०१५, आताचे 'जिओहॉटस्टार'), 'नेटफ्लिक्स' (भारतात २०१६) आणि 'झी ५' (२०१८) या सेवा आल्या. मोबाइलवर अंगवळणी पडलेल्या या सेवा आता दिवाणखान्यातील संचावरही दिसतात. मात्र बोटाने चालणारे अ‍ॅप रिमोटच्या हाती जसेच्या तसे देता येत नाही. त्याची मांडणी नव्याने करावी लागते.

फोकस म्हणजे काय?

मोबाइलवर बोट हव्या त्या चित्रावर थेट पडते. रिमोटकडे मात्र चार दिशांचे बाण आणि मधली 'ओके' अशा पाच कळा व जोडीला 'बॅक' असते. त्यामुळे पडद्यावर एका वेळी एकच चौकट निवडलेली असते. यालाच 'फोकस' म्हणतात. तो कुठे आहे हे लांबूनही कळले पाहिजे. त्यासाठी निव्वळ रंगछटा बदलून भागत नाही, चौकट मोठी करावी लागते किंवा तिला ठळक किनार द्यावी लागते. प्रत्येक बटणापर्यंत बाणांनी पोहोचता आले पाहिजे. 'बॅक' दाबल्यावर प्रेक्षक यादीच्या आरंभी न जाता, जिथून आत शिरला त्याच चौकटीवर परतला पाहिजे.

दहा फुटांचा हिशेब

टीव्हीच्या मांडणीला तंत्रज्ञ 'दहा फुटी' मांडणी म्हणतात. वन रूम किचनमध्ये हे अंतर कमी भरेल, पण संच कोणी हातभर अंतरावरून पाहत नाही. म्हणून अक्षरे मोठी आणि मजकूर मोजका हवा. देवनागरीत वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत मोकळी जागाही सोडावी लागते. काही संच चित्राच्या कडा कापतात. त्यामुळे चारही बाजूंना सुमारे ५ टक्के जागेत महत्त्वाचे काही ठेवू नये, असा संकेत आहे.

शोधाची कसरत

खरी परीक्षा नाव शोधताना होते. 'श्यामची आई' हे नाव लिहायचे तर श, हलन्त, य, काना, म, च, वेलांटी, रिकामी जागा, आ आणि ई अशा १० कळा लागतात. प्रत्येक कळेपर्यंत जाण्यास सरासरी चार बाण धरले, तर 'ओके'सह रिमोट ५० वेळा दाबावा लागेल.

मोबाइलवरील देवनागरीचा प्रश्न पवईच्या आयआयटी मुंबईतील आयडीसी या अभिकल्प विभागाने हाताळला आहे. तेथे तयार झालेल्या 'स्वरचक्र' (२०१३) या कळफलकात व्यंजनाला बोट लावताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते. हा कळफलक स्पर्शपडद्यासाठी असला, तरी पुढे जे येऊ शकते तेवढेच समोर ठेवण्याचे त्याचे तत्त्व रिमोटलाही उपयोगी आहे. दोन-तीन अक्षरांनंतर नावे सुचवणे, आधीचे शोध जपणे आणि आवाजाने शोधण्याची सोय देणे, हे त्याच दिशेचे उपाय होत.

पासवर्डऐवजी संकेतांक

बाणांनी पासवर्ड भरणे त्याहून त्रासाचे. म्हणून टीव्हीवर छोटा संकेतांक दाखवून तो मोबाइलवर भरण्याची पद्धत रूढ झाली. 'आरएफसी ८६२८' या दस्तऐवजाद्वारे २०१९ मध्ये तिला प्रमाणरूप मिळाले. मात्र स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांची अडचण त्याने सुटत नाही. वर्षाची वर्गणी भरूनही मालिकेचा पुढचा भाग लावण्यासाठी नातवाची वाट पाहावी लागत असेल, तर दोष आजींचा नव्हे, मांडणीचा आहे.

ग्राहकांनी काय पाहावे?

संच घेताना दुकानातच रिमोट हाती घ्यावा. दहा फुटांवरून निवडलेली चौकट दिसते का, मराठी नाव शोधता येते का, 'बॅक' दाबल्यावर आपण पूर्वीच्या जागी येतो का आणि अर्धवट पाहिलेला भाग पुढे सुरू होतो का, हे तपासावे. घरात जी व्यक्ती टीव्ही सर्वाधिक पाहते, तिच्याच हाती ही परीक्षा सोपवणे उत्तम.