‘गीतारहस्या’तील नीतिमीमांसा आणि उपयुक्ततावाद : एक ऐतिहासिक विचार

१

नीतिशास्त्राच्या प्राथमिक अध्यापनात निरनिराळ्या उपपत्तींची मांडणी बहुधा ठरीव क्रमाने केली जाते. प्रथम सुखवाद व त्यातून विकसित झालेला उपयुक्ततावाद, नंतर कांटचा कर्तव्यवाद, त्याच्या आगेमागे सदसद्विवेकबुद्धीला प्रमाण मानणारा अंतःप्रज्ञावाद, आणि शेवटी अथवा प्रारंभी ॲरिस्टॉटलचा सद्गुणविचार. हा क्रम विद्यार्थ्यांच्या इतका अंगवळणी पडतो की तो विषयाच्या स्वरूपातूनच निष्पन्न झाला आहे, असे त्यांस वाटू लागते. वस्तुतः कोणतेही वर्गीकरण हे वर्गीकरण करणाराच्या मनातील एखाद्या प्रश्नाला अनुसरून झालेले असते. प्रश्न बदलला की उपपत्तींच्या जागाही बदलतात.

याचे उत्कृष्ट उदाहरण मराठीत उपलब्ध आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेले व १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ हे सामान्यतः गीतेवरील भाष्य म्हणून वाचले जाते. परंतु त्याच्या पंधरा प्रकरणांपैकी पूर्वार्धातील बरीच प्रकरणे ही तौलनिक नीतिशास्त्राची प्रकरणे आहेत. हॉब्ज, बेंथॅम, मिल, सिज्विक, स्पेन्सर, कांट व ग्रीन यांच्या मतांचा परामर्श त्यांत घेतलेला आहे. त्यांतील उपयुक्ततावादाचे खंडन कितपत यशस्वी झाले आहे आणि त्या खंडनामागे महाराष्ट्रातील कोणता वाद उभा आहे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

उपयुक्ततावादाचे मूळ प्रमेय साधे आहे. कर्माची योग्यता त्याच्या परिणामांवरून ठरवावी, आणि परिणामांचे मोजमाप संबंधित सर्व व्यक्तींच्या सुखदुःखांवरून करावे. बेंथॅमच्या १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे प्रमेय मुख्यतः कायदेकर्त्यासाठी मांडलेले आहे. कोणती शिक्षा योग्य, कोणता कायदा टाकाऊ, हे ठरविण्यासाठी त्यास एक माप हवे होते. राजा असो वा मजूर, मोजणीत प्रत्येकाची गणना एकच, हा त्यातील समतेचा अंश विसरून चालणार नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये लेखमालेच्या व १८६३ मध्ये ग्रंथाच्या रूपाने या मताला अधिक सूक्ष्म केले. सुखांमध्ये केवळ प्रमाणाचा नव्हे तर प्रतीचाही भेद आहे, असे त्याने प्रतिपादिले. हिंदुस्थानाशी या परंपरेचा संबंध केवळ पुस्तकी नव्हता. मिल हा १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत नोकरीस होता, आणि त्याचा पिता जेम्स मिल याचा हिंदुस्थानचा इतिहास येथील राज्यकारभार करणाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग होता.

म्हणजे जो विचार इंग्लंडात सुधारकांचे शस्त्र होता, तोच येथे राज्यकर्त्यांच्या हातीही होता. महाराष्ट्रात या विचाराचे जे स्वागत व जो प्रतिकार झाला, त्या दोहोंचे मर्म या दुहेरी स्वरूपात आहे.

३

टिळकांनी नीतिशास्त्रातील मतांचे आधिभौतिक, आधिदैविक व आध्यात्मिक असे तीन वर्ग कल्पिले आहेत. ही त्रयी आपल्याकडे जुनी आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्ट कोंत यानेही मानवी ज्ञानाच्या तशाच तीन अवस्था सांगितल्या होत्या. परंतु कोंतच्या मते आधिभौतिक अवस्था ही विकासाची अखेरची व श्रेष्ठ पायरी होय, तर टिळकांनी शिखरस्थान आध्यात्मिक पक्षास दिले. पायऱ्या त्याच, परंतु जिना उलटा बसविला आहे. आधिभौतिक पक्षात चार्वाकाच्या केवल स्वार्थापासून हॉब्जच्या दूरदर्शी स्वार्थापर्यंत आणि तेथून पुष्कळांच्या पुष्कळ सुखाच्या तत्त्वापर्यंत चढती श्रेणी त्यांनी लावली आहे. आधिदैविक पक्ष म्हणजे सदसद्विवेक ही मनातील स्वतंत्र देवता मानणारा पक्ष. कांट व ग्रीन यांची योजना आध्यात्मिक पक्षाजवळ झाली आहे.

आता या मांडणीत एक गोष्ट लक्षात येते. आजचा विद्यार्थी कर्म, नियम आणि कर्त्याचे शील यांवरून उपपत्तींचे भेद करतो. टिळक ते नीतीचे अधिष्ठान कोठे आहे यावरून करतात. बाह्य सृष्टीत, मनातील एखाद्या शक्तीत, की आत्म्यात, हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणूनच ज्या कांटला आपण नियमवादी म्हणून ओळखतो तो त्यांना शुद्ध बुद्धीचा पुरस्कर्ता म्हणून जवळचा वाटतो. असत्य भाषणाला कोणत्याही प्रसंगी मुभा नाही, खुनी माणसाने शरणागताचा ठावठिकाणा विचारला तरीही नाही, असे कांटने १७९७ च्या निबंधात म्हटले. उलट महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिक नावाचा तपस्वी अशाच प्रसंगी खरे बोलून अधोगतीस जातो. या कौशिकाचा कैवार टिळक घेत नाहीत. तेव्हा कांटचे त्यांना आकर्षण आहे ते नियमाच्या कडकपणामुळे नव्हे. कर्मापेक्षा कर्त्याच्या संकल्पाला दिलेल्या महत्त्वामुळे आहे.

४

उपयुक्ततावादावरील टिळकांचे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. त्यांचा पृथक् विचार केला पाहिजे, कारण त्यांचे बळ सारखे नाही.

पहिला आक्षेप संख्येचा. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सैन्य होते व पांडवांकडे सात. एवढ्यावरून पांडवांचा पक्ष अन्याय्य ठरत नाही. हा आक्षेप बहुमताने सत्य ठरविणाऱ्यावर निर्णायक आहे, परंतु उपयुक्ततावाद बहुमत मोजत नाही, सुखदुःखे मोजतो. थोड्यांचे तीव्र दुःख पुष्कळांच्या क्षुल्लक सुखाहून अधिक भरू शकते. तथापि आक्षेपाचा गाभा यातून सुटत नाही. एकाच्या हानीची भरपाई दुसऱ्याच्या लाभाने होते, हे गृहीतच शंकास्पद आहे. १९७१ साली जॉन रॉल्सने आपल्या न्यायविषयक ग्रंथात उपयुक्ततावाद व्यक्तींच्या पृथक्त्वाची दखल घेत नाही असा जो आरोप केला, त्याचे बीज या अक्षौहिणींच्या दृष्टान्तात आहे असे म्हणता येते. मात्र रॉल्सने त्यातून काढलेला निष्कर्ष टिळकांचा नाही.

दुसरा आक्षेप हेतूचा. पॉल कारस यांच्या ग्रंथातून टिळकांनी अमेरिकेतील ट्रामगाडीचे उदाहरण घेतले आहे. परवानगी लवकर मिळावी म्हणून ट्रामच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, पण प्रकरण न्यायालयात गेले व व्यवस्थापकास शिक्षा झाली. परिणामावरून पाहता लाच योग्य ठरावयास हवी होती, असे टिळकांचे म्हणणे. येथे मात्र त्यांचा प्रतिपक्षी निरुत्तर होत नाही. लाचेने सार्वजनिक कारभारावरील विश्वास ढासळतो, तो परिणामही हिशेबात धरला पाहिजे, असे मिलचा अनुयायी म्हणेल आणि ते योग्यच होईल. अपुरा हिशेब आणि हिशेबाचे तत्त्व यांत अंतर आहे.

तिसरा आक्षेप कर्त्याच्या योग्यतेचा, आणि तो सर्वांत प्रबळ आहे. युधिष्ठिराच्या अश्वमेधात लक्षावधी लोक तृप्त झाले. उंछवृत्तीने राहणाऱ्या गरीब ब्राह्मणाने आपल्या वाट्याचे सातू एका अतिथीला दिले. महाभारतातील मुंगूस दुसऱ्या दानाला श्रेष्ठ ठरविते. परिणामांच्या तराजूत अश्वमेध जड आहे, यात शंका नाही. मिलचे यावर उत्तर तयार आहे. बुडणाऱ्यास वाचविणारा मनुष्य कर्तव्य म्हणून उडी घेवो की बक्षिसाच्या आशेने, कृती योग्यच. प्रेरणेवरून कृतीची नव्हे तर कर्त्याची किंमत ठरते. हा भेद टिळकांना अज्ञात नव्हता, परंतु तो त्यांना केवळ स्वमताचा आग्रह वाटला.

माझ्या मते दोघांतील खरा मतभेद येथे आहे, आणि तो टिळकांनी मानला तितका विरोधात्मक नाही. मिल ‘कोणती कृती योग्य?’ या प्रश्नाचे उत्तर शोधतो, टिळक ‘कोणता कर्ता श्रेष्ठ?’ या प्रश्नाचे. स्थितप्रज्ञाची साम्यबुद्धी ही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते पहिल्या प्रश्नालाही लागू करावयाचे तर शुद्ध बुद्धीचा मनुष्य जे करील ते योग्य, असे म्हणावे लागते. मग ही बुद्धी शुद्ध आहे हे ओळखावयाचे कसे? आचरणावरून म्हणावे, तर आचरणाची कसोटी पुन्हा निराळी हवी.

५

हा प्रश्न केवळ तार्किक नव्हे. महाराष्ट्राने तो १८९१ मध्ये प्रत्यक्ष अनुभवला होता. संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. त्या आधी १८९० मध्ये बंगालमधील फुलमणी या बालिकेचा पतीच्या समागमामुळे झालेला मृत्यू सर्वत्र चर्चिला गेला होता. ‘सुधारक’कार आगरकरांनी कायद्याचा पुरस्कार केला, टिळकांनी विरोध. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिलेल्या या दोन मित्रांचे मार्ग त्यापूर्वीच भिन्न झाले होते.

टिळकांचा विरोध चालीच्या समर्थनासाठी होता असे समजणे अन्यायाचे होईल. परकीय सरकारने सामाजिक बाबतीत कायदा करू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. शिवाय त्यांनी प्रतियोजनाही सुचविली होती. सुधारणा ज्यांना हवी त्यांनी मुलींचे लग्न सोळाच्या आत व मुलांचे विसाच्या आत न करण्याचे बंधन प्रथम स्वतःवर घालून घ्यावे. वयाची ही मर्यादा कायद्यापेक्षा पुढची होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या योजनेत ‘गीतारहस्या’ची नीतिदृष्टी पंचवीस वर्षे आधीच दिसते. आचरणाचा उगम कर्त्याच्या निश्चयात असावा, बाह्य दंडात नव्हे.

परंतु जिच्या देहाचा प्रश्न आहे ती बालिका या योजनेत कोठे आहे? बंधन स्वीकारणाऱ्या पित्याची मुलगी वाचेल. न स्वीकारणाऱ्याची वाचणार नाही. मिल व स्पेन्सर यांच्या वाचनावर पोसलेल्या आगरकरांचे सामर्थ्य येथे आहे. दुःख कोणाचे आहे हे त्यांनी प्रथम पाहिले, दुःख देणाऱ्याच्या अंतःकरणाची परीक्षा नंतर. कायदा कर्त्याचे शील घडवू शकत नाही हे खरे. पण तो तेवढ्यासाठी नसतोच.

तथापि आगरकरांनाही निव्वळ उपयुक्ततावाद पुरला नसता. समाजातील बहुसंख्यांचे समाधान रूढीतच होते, आणि आगरकर अल्पसंख्य होते, इतके की त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. अकरा अक्षौहिणी त्यांच्याविरुद्ध होत्या. संख्येवरील टिळकांचा आक्षेप असा आगरकरांच्याच बाजूने साक्ष देतो. त्यांना आधार मिळाला तो बेंथॅमच्या बेरजेचा नव्हे, तर व्यक्तिस्वातंत्र्याच्या त्या तत्त्वाचा, जे मिलने १८५९ मध्ये मांडले आणि ज्याचा आपल्याच उपयुक्ततावादाशी मेळ घालताना त्यालाही सायास पडले.

त्याच १८९१ साली जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांस समान अधिकार दिले आहेत, हे त्यातील नीतीचे अधिष्ठान. ते सुखाच्या बेरजेवर अवलंबून नाही, आणि कोणा ज्ञान्याच्या साम्यबुद्धीवरही नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हक्कापासून विचारास प्रारंभ करणारी ही भूमिका टिळकांच्या त्रिविध वर्गीकरणात कोठेच नीट बसत नाही. वर्गीकरणाची मर्यादा अशा वेळी उघड होते.

६

१९१९ मध्ये वामन मल्हार जोशी यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ प्रसिद्ध झाला. ग्रंथाच्या नावातच भूमिकेतील बदल सूचित होतो. एका धर्मग्रंथाच्या तात्पर्यनिर्णयासाठी आलेले नीतिशास्त्र आता विद्यार्थ्याने प्रवेश करावयाचे स्वतंत्र शास्त्र झाले. जोशी हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक व कादंबरीकार. ‘रागिणी’पासून ‘इंदू काळे व सरला भोळे’पर्यंतच्या कादंबऱ्यांत त्यांनी नैतिक प्रश्नांवर पात्रांना मनमोकळा वाद घालू दिला. मराठीत नीतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक आणि वैचारिक कादंबरी एकाच लेखणीतून उतरावी, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

पुढे १९५८ साली एलिझाबेथ ॲन्स्कोम यांच्या निबंधाने पाश्चात्त्य नीतिशास्त्राचे लक्ष कृतीकडून पुन्हा शीलाकडे वळविले, आणि सद्गुणविचाराला नवे बळ मिळाले. त्यामुळे ‘कर्ता कसा असावा?’ हा टिळकांचा प्रश्न आज कालबाह्य वाटत नाही. परंतु त्याबरोबरच सद्गुणवादावरील जुना आक्षेपही परत आला आहे. सद्गुणी मनुष्याचे लक्षण सांगणारा कोण, आणि त्याच्या निर्णयाचे परिणाम भोगणारा कोण?

तात्पर्य, ‘गीतारहस्या’तील खंडन उपयुक्ततावादाचे उच्चाटन करीत नाही, ते त्याची व्याप्ती आखून देते. व्यक्तीने स्वतःची परीक्षा करताना टिळकांची कसोटी घ्यावी, कारण तेथे फळापेक्षा बुद्धी पाहणेच उचित आहे. समाजाने कायदा करताना आगरकरांची कसोटी घ्यावी, कारण तेथे कोणाच्याही बुद्धीच्या शुद्धतेवर दुसऱ्याचे आयुष्य टांगून ठेवता येत नाही. आणि या दोन्ही कसोट्या ज्याला लावल्या जातात त्याचे स्वतःचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, ही फुल्यांच्या भूमिकेने शिकविलेली अट आहे. नीतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे तिन्ही ग्रंथकार एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचले, तर परिचित वर्गीकरणाच्या चौकटी किती सैल आहेत याचा प्रत्यय त्यास मराठीतूनच येईल.