हिमवाहित कणांचा उगमशोध

हिमनगांनी वाहून नेलेले आणि ते वितळल्यावर सागरतळाच्या गाळात पडलेले खनिजकण मुळात कोणत्या खडकातले, हे ठरवण्याची पद्धत. हिमनदी सरकताना खालचा खडक खरवडते. तो चुरा बर्फात अडकतो, किनाऱ्याशी बर्फ तुटून हिमनग सुटतो आणि शेकडो किलोमीटरवर आपले ओझे टाकतो. खोल समुद्रातला गाळ पिठासारखा मऊ असतो. त्यात साधारण १५० मायक्रोमीटरहून मोठा, कडा न झिजलेला गारगोटीचा कण सापडला की प्रथम हिमनगाकडे बोट जाते. मात्र तरंगता प्यूमिस किंवा समुद्रबर्फावर पडलेली ज्वालामुखीची राखही असेच कण आणते, त्यामुळे नुसती मोजणी पुरत नाही.

खरा पुरावा वयाचा. उदाहरणार्थ, मध्य प्रदेशात बैहरजवळ मलाजखंडची तांब्याची खाण ज्या ग्रॅनाइटात आहे, तो सुमारे २४८ कोटी वर्षांचा. त्यातला झिरकॉनचा कण ओढ्यातून कितीही दूर गेला, तरी युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणात हे वय जपून असतो. हॉर्नब्लेंड या खनिजामध्ये पोटॅशियमपासून तयार झालेला आर्गॉन मोजून खडक कधी निवला ते कळते. कणाचे वय आणि किनाऱ्यावरच्या खडकांची वये जुळवून पाहायची, हे या शोधाचे सूत्र. एकाच वयाचे खडक दोन ठिकाणी असले तर निओडिमियमच्या समस्थानिकांची जोड द्यावी लागते.

हार्टमुट हाइन्रिख यांनी १९८८ मध्ये उत्तर अटलांटिकच्या गाळातले जाड कणांचे थर दाखवून दिले. त्यांपैकी बऱ्याच थरांतला चुनखडीचा चुरा आणि हॉर्नब्लेंडची वये कॅनडातल्या हडसन सामुद्रधुनीकडे नेतात. दक्षिणेकडचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. भारताचे अंटार्क्टिकातले ‘भारती’ केंद्र ज्या प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे, त्याच्यासमोरच्या समुद्रात २००० मध्ये ११६५ क्रमांकाचे छिद्र खोदले गेले. तिथल्या आसपासच्या खडकांची ठळक खूण ५० कोटी वर्षांची, पण गाळाच्या काही थरांत ११० ते १२० कोटी वर्षांचे हॉर्नब्लेंड निघाले. तसा खडक १,५०० किलोमीटरहून दूर, विल्क्स लँडकडे आहे. म्हणजे सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी आणि नंतरही काही वेळा तिथला बर्फ मोठ्या प्रमाणात तुटला होता. आज ज्या पूर्व अंटार्क्टिकाला स्थिर मानण्याची सवय आहे, त्याच्याविषयीचा हा पुरावा वाळूच्या कणांनी दिला.

भारतात हे काम गोव्यात, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात चालते. ‘सागर कन्या’ जहाजाने दक्षिण महासागरातून आणलेल्या गाळस्तंभांवरून गेल्या २२,००० वर्षांतल्या हिमवाहित कणांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठी मुलखात बर्फाची खूण पाहायची तर चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला, पैनगंगेकाठच्या इरईजवळ जावे. तिथे चुनखडीच्या फरशीवर ओरखडे आणि तिच्यावर घासलेले धोंडे आहेत; भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांचे वर्णन केले. तो थर सागरी गाळ नव्हे, पण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या, ‘तालचेर’ म्हणवणाऱ्या त्याच काळातल्या शेलमध्ये अन्यत्र तरंगत्या बर्फातून पडलेले एकटे धोंडे रुतलेले आढळतात. धोंड्याखालचे पातळ पापुद्रे खाली वाकलेले असतात आणि वरचे त्याला वळसा घालून पुन्हा सपाट होतात.