यात्रेकरूची थैली : पांढुर्णा-सौंसर परिसरातील महादेव-यात्रेचा एक अलक्षित धागा

देवस्थानांचा इतिहास लिहिताना सनदा, इनामे, पालखीचे मान आणि कोठीचे हिशेब यांचा परामर्श घेण्याची प्रथा जुनी आहे आणि ती योग्यच होय. तथापि ज्या असंख्य भाविकांनी दूरदूरच्या वाटा तुडवून ही स्थाने जागती ठेवली, त्यांच्या खांद्यावर काय होते, या प्रश्नाचे उत्तर दप्तरांत सहसा आढळत नाही. देवाच्या अलंकारांची यादी होते. यात्रेकरूच्या थैलीची होत नाही. वस्तुतः ही थैली केवढी होती, ती वाटेत कोठे विकत घेतली गेली आणि ती खांद्याला लावण्यापूर्वी मोठे गाठोडे कोणाच्या हवाली केले गेले, एवढे तीन प्रश्न विचारले तरी यात्रेच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित अंग उलगडू लागते. मध्यप्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक मुलखातून निघणारी सातपुड्यातील महादेवाची यात्रा या दृष्टीने फार बोलकी आहे.

हा मुलूख नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसला आहे. कन्हान आणि तिला मिळणारी जाम यांचे हे खोरे. पश्चिमेस मुलताईच्या बाजूला तापी आणि वर्धा यांचे उगम. काळी जमीन, कापसाचे शेत आणि संत्र्याची बाग ही येथील ओळख. देवगडच्या गोंड राजांनंतर येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. 1853 मध्ये ते राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांताची रचना झाली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्यप्रदेशातच राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. सीमा अशा वारंवार बदलल्या, परंतु घरातील मराठी बदलली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये होणारी गोटमार जशी या भूमीची, तशीच चालत देवाला जाण्याची ओढही या भूमीची.

ही ओढ दोन दिशांना धावते. दक्षिणेस पंढरीचा विठोबा आणि उत्तरेस डोंगरातला महादेव. पंढरीच्या वाटेवर दिंडीची शिस्त आहे. महादेवाच्या वाटेवर मेळा आहे. नागपूर-वऱ्हाडात या मेळ्याला ‘पोहा’ असे नाव आहे. महाशिवरात्रीस, म्हणजे आपल्या गणनेने माघ वद्य चतुर्दशीस, पचमढीच्या चौरागडावर मोठी यात्रा भरते. दुसरी यात्रा नागद्वाराची. श्रावण शुद्ध पंचमीपूर्वीचे सुमारे दहा दिवस, ऐन पावसाळ्यात, ती वाट भाविकांसाठी खुली होते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील इंग्रजी ग्रंथातही या डोंगरांचे आणि तेथील यात्रेचे वर्णन आले आहे. यावरून या परंपरेचे वय ध्यानी यावे.

सौंसरहून उत्तरेस निघालेल्या पायी यात्रेकरूस प्रथम सिल्लेवानीचा घाट लागतो. मैदानातून पठारावर नेणारा हा पहिला चढ होय. पुढे छिंदवाडा, आणि त्यापलीकडे जुन्नारदेव. तेथील विशाला या स्थानास भाविक महादेवाची ‘पहिली पायरी’ मानतात. घरापासून अनेक दिवसांची चाल झाल्यावर जी पायरी लागते तिला पहिली म्हणावे, यात श्रद्धेचा मोठा अर्थ भरलेला आहे. त्यानंतर डोंगरांच्या रांगा, भूराभगताचे स्थान, आणि शेवटी चौरागडाचे शिखर. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीचे हे शिखर गाठण्यासाठी हजाराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. नवस फेडणारा भाविक येथे त्रिशूळ अर्पण करतो. काही त्रिशूळ एका हातात मावणारे, तर काही अनेकांनी आळीपाळीने खांदा द्यावा असे. शिखरावर साठलेल्या त्रिशुळांची रास पाहिली म्हणजे किती खांद्यांनी किती भार वर नेला असेल याची कल्पना येते.

अशा यात्रेस निघणारा माणूस घरून काय घेऊन निघत असे? पायी यात्रा अनेक दिवसांची. म्हणून अंथरूण-पांघरुणाची वळकटी, धान्य-पिठाचे गाठोडे, तवा, तांब्या, लुगडी-धोतरे, नवसाचा त्रिशूळ आणि नारळ. ज्यांच्याकडे बैलगाडी, त्यांचे ओझे गाडीत, इतरांचे डोक्यावर. खांद्यावर असे ती पडशी. मधोमध दुमडून खांद्यावर टाकावयाची, पुढे एक आणि मागे एक असे दोन कप्पे असलेली ही जाड कापडाची पिशवी. दोन्ही कप्प्यांत सारखे वजन भरले म्हणजे ती आपोआप तोलली जाते आणि हात मोकळे राहतात. गोसावी, शेतकरी, वारकरी या साऱ्यांनी ती शतकानुशतके वापरली, ती याच गुणामुळे. सपाट वाटेला पडशीसारखे दुसरे साधन नाही.

परंतु खड्या चढावर पडशी गैरसोयीची ठरते. पुढचा कप्पा गुडघ्याच्या आड येतो, वाकताच तोल जातो आणि पडशी घसरते. नागद्वाराच्या वाटेवर तर लोखंडी शिड्या चढाव्या-उतराव्या लागतात. धूपगडाच्या बाजूने वाहने सोडून निघालेला भाविक बारा-पंधरा किलोमीटर ओल्या दगडांवरून, ओढ्यांतून आणि धुक्यातून चालतो. दोन्ही हात शिडीला हवेत, खांद्यावर हलका आणि अंगाला घट्ट बसणारा भार हवा. पावसात भिजलेल्या जाड सुती कापडाचे वजन कोरड्यापेक्षा कितीतरी अधिक होते, हेही तेथे अनुभवास येते. म्हणूनच पायथ्याशी आल्यावर यात्रेकरूच्या बोजाची वाटणी होते. मोठे गाठोडे खाली राहते आणि एका दिवसापुरती लहान थैली वर जाते. या मुलखात पिशवीला थैली म्हणण्याचाच प्रघात आहे. त्या थैलीत पाणी, भाकरी-चटणी किंवा गूळ-फुटाणे, नारळ, कुंकू, उदबत्ती, औषधाची पुडी आणि एक कोरडे वस्त्र, एवढेच मावते; आणि एका दिवसाला एवढेच पुरते.

ही लहान थैली पुष्कळदा घरून आणलेली नसते. घरी बांधाबांध करताना सारा प्रवास डोळ्यांपुढे असतो. एका दिवसाची गरज तेव्हा सुचत नाही. ती डोंगर समोर उभा राहिल्यावर कळते. म्हणून थैली वाटेवरच्या बाजारात घेतली जाते. सौंसरजवळच्या जामसावळी येथील हनुमंतापर्यंत एका दिवसाची पदयात्रा करणारास हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्याजवळ लहान थैलीच तेवढी असते. दीर्घ यात्रेतच मोठा आणि लहान असे दोन बोजे निर्माण होतात, आणि दीर्घ यात्रेतच माणसाला आपल्याजवळच्या कोणत्या वस्तूवाचून भागते याचा निवाडा करावा लागतो.

कापडाच्या दृष्टीनेही या थैलीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. सौंसर आणि लोधीखेडा ही हातमागाची गावे. जेथे कापूस पिकतो आणि मागावर कापड उतरते, तेथे जुन्या लुगड्याची वा जाड्याभरड्या कापडाची थैली घरोघरी शिवली जाणे स्वाभाविकच होते. 1920 च्या दशकात इटारसी-नागपूर हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि पांढुर्णा मोठ्या मार्गावर आले. नागपूर-छिंदवाडा ही सौंसरवरून जाणारी लहान रुळांची गाडी नोव्हेंबर 2015 अखेर बंद होऊन पुढे तेथे रुंद मार्ग झाला. 1991 मध्ये सौंसरजवळ बोरगाव येथे रेमंडचा कापडाचा कारखाना उभा राहिला. रेल्वे आणि मोटार आली तसे पायी अंतर घटले. परंतु बोजा घटण्याऐवजी वाढला, कारण तो वाहणारी पाठ आता आपली नव्हती. दरम्यान पडशी मागे पडून शबनम आली, आणि तिच्या मागोमाग नायलॉनची, दोन पट्ट्यांनी पाठीला बांधावयाची पाठपिशवी. रूप पालटले तरी कार्य तेच राहिले. डोंगराची शेवटची चाल आजही पायीच आहे, आणि तेवढ्यापुरती लहान थैली आजही लागते.

आता तिसऱ्या आणि सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळणे अगत्याचे आहे. थैली वर गेली. मग खाली राहिलेले गाठोडे कोणी राखले? ज्याच्या पोह्यात नातलग आहेत, त्याचे गाठोडे घरची एखादी वृद्ध बाई राखते, आणि तिचे दर्शन राहून जाते. जो एकटा आहे, त्याला सारा बोजा घेऊन चढावे लागते किंवा पायथ्यावरूनच हात जोडून परतावे लागते. म्हणजे एका थैलीचा हलकेपणा दुसऱ्या कोणाच्या तरी थांबण्यावर उभा असतो. हे थांबण्याचे काम जेथे व्यक्तीऐवजी संस्थेने पत्करले, तेथे यात्रा सर्वांची झाली.

पंढरीच्या वारीने हे फार पूर्वी ओळखले. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या पालखी सोहळ्यास शिस्त लावली. दिंडीचे सामान दिंडीच्या गाडीत, हे तेथील रीतीचे एक अंग होय. पूर्वी ही गाडी बैलांची होती, आता मालमोटार आहे. म्हणूनच वारकऱ्याच्या हाती टाळ आणि खांद्याला लहानशी पिशवी एवढेच राहू शकते. नर्मदेच्या परिक्रमेत याचे दुसरे उत्तर सापडते. तेथे काठावरची सदावर्ते शिधा देतात, त्यामुळे धान्याचे गाठोडेच वाहावे लागत नाही. अहिल्याबाई होळकर (1725-1795) यांनी देशभर बांधलेले घाट, धर्मशाळा आणि चालविलेली अन्नछत्रे यांचे पुण्य सारेच गातात. त्या पुण्यातला एक मोठा भाग असा की त्यांनी लक्षावधी अनोळखी माणसांच्या खांद्यावरचे ओझे उतरविले. नागद्वाराच्या यात्रेत नागपूर-विदर्भाकडील सेवामंडळे डोंगरात भंडारे चालवितात, तेही याच परंपरेचे वारस होत. वाटेत अन्न मिळणार हा भरवसा असला की थैलीत एक भाकरी कमी ठेवता येते.

थैलीतून वर काय जाते याइतकेच खाली काय परत येते, हेही पाहिले पाहिजे. हे डोंगर 1981 मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाले आणि 2000 मध्ये येथे व्याघ्रप्रकल्प आला. पूर्वीच्या थैलीतून नारळाची करवंटी आणि पळसाची पत्रावळ रानात पडे, ती रानातच विरून जाई. प्लास्टिकचे तसे नाही. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. परंतु कायद्याइतकीच कापडी थैलीची सवयही उपयोगाची आहे. जी थैली धुऊन पुढच्या वर्षी पुन्हा खांद्याला लावावयाची आहे, ती कोणी दरीत टाकत नाही.

गोमंतकातील महाजन कुटुंबांना हा विषय दूरचा वाटू नये. सोळाव्या शतकात, 1560 च्या सुमारास, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास नेण्यात आला, तेव्हा पूर्वजांनी घरदार मागे ठेवले आणि देव तेवढा बरोबर घेतला. काय न्यावे आणि काय सोडावे याचा याहून कठीण निवाडा कोणत्या यात्रेकरूवर आला असेल? त्याच पिढ्यांच्या वंशजांनी पुढे देवळांभोवती अग्रशाळा बांधल्या. उत्सवास आलेले कुटुंब आपले सामान अग्रशाळेत ठेवून फुलाची परडी आणि नारळ घेऊन देवासमोर उभे राहते. सातपुड्याच्या पायथ्याशी सौंसरची बाई जे शोधत असते, ते हेच : गाठोडे निर्धास्तपणे ठेवता येईल अशी एक जागा. देवालयाच्या वैभवाचे मोजमाप शिखर, सभामंडप आणि दीपमाळ यांनी होते खरे. परंतु ओळखदेख नसलेल्या भाविकाने आपला बोजा कोठे आणि कोणाच्या विश्वासावर उतरवावा, याची सोय किती आहे, हेही एक मोजमाप आहे.

चौरागडावर वाहिलेले त्रिशूळ शिखरावर राहतात आणि पुढच्या पिढ्यांना दिसतात. थैली मात्र यात्रेकरूबरोबर घरी परतते, खुंटीला लागते आणि विरून जाते. तिचा इतिहास शिल्लक राहतो तो धर्मशाळांच्या ओवऱ्यांत, अग्रशाळांच्या खोल्यांत आणि ज्यांनी दुसऱ्याचे गाठोडे राखले त्यांच्या सेवेत. हे राखणदारीचे व्रत जेथे जेथे चालू आहे, तेथे देवाची वाट सर्वांसाठी मोकळी आहे, असे निःशंकपणे म्हणता येईल.