डरहॅमचे ‘खाणकामगार’ : एका शब्दामागची अनेक कामे

८ एप्रिल १९५१ रोजी ब्रिटनमध्ये जनगणना झाली. महायुद्धामुळे १९४१ ची जनगणना झालीच नव्हती. त्यामुळे वीस वर्षांनंतर प्रथमच घराघरांची नोंद होत होती. तक्त्यातील एक रकाना व्यवसायाचा होता. इंग्लंडच्या ईशान्येस डरहॅम नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. तेथील असंख्य गावांत हा रकाना भरणे अगदी सोपे होते. वडील खाणीत, थोरला मुलगा खाणीत, शेजारीही खाणीत! त्या सुमारास या एका काउंटीत शंभराहून अधिक कोळसा खाणी चालू होत्या आणि त्यांत सुमारे एक लाख पुरुष काम करीत होते.

जनगणनेचा अभ्यास करणाऱ्याला असा रकाना सुटसुटीत वाटतो. पण ‘खाणकामगार’ हा शब्द वाचून तो माणूस दिवसभर नेमके काय करतो हे कळते का? या लेखात आपण त्या एका शब्दाच्या आत डोकावून पाहणार आहोत.

भूस्तर आणि पोटापाण्याचा धंदा

डरहॅममधील पुरुषांचे व्यवसाय समजून घ्यायचे तर सुरुवात भूशास्त्रापासून करावी लागते. काउंटीच्या पश्चिम भागात कोळशाचे थर जमिनीच्या पृष्ठभागाजवळ आहेत. तेथे खाणकाम आधी सुरू झाले. पूर्वेकडे तेच थर मॅग्नेशियमयुक्त चुनखडकाच्या जाड आवरणाखाली खोल जातात आणि पुढे उत्तर समुद्राच्या तळाखाली शिरतात. या आवरणाखाली कोळसा असेल की नाही याबद्दल बराच काळ शंका होती. हेटन येथे १८२० साली चुनखडकातून विहीर खणण्यास सुरुवात झाली, १८२२ साली कोळसा लागला आणि पूर्व डरहॅमचे दार उघडले.

इतर व्यवसायही बहुतांशी कोळशाच्याच आधाराने वाढले. पश्चिमेकडील कोळशापासून उत्तम कोक तयार होई, म्हणून कॉन्सेटला लोखंड-पोलादाचा कारखाना उभा राहिला. कोळसा बंदरापर्यंत नेण्यासाठी १८२५ साली स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली. मग शिल्डनला वाघिणी आणि डार्लिंग्टनला इंजिने बनू लागली. संडरलंडमध्ये जहाजे बांधली जात, तर बिलिंगहॅमला आयसीआय कंपनीचा प्रचंड रासायनिक कारखाना होता. डोंगराळ पश्चिम भागात मेंढपाळ आणि शेतकरी होतेच. तरीही १९५१ मध्ये या काउंटीचा चेहरा कोळशाचाच होता.

रकाना कोणी आखला?

व्यवसायाचा रकाना केवळ हिशेबासाठी नव्हता, त्याचा शास्त्रीय उपयोगही होता. १९११ च्या जनगणनेच्या वेळी जन्ममृत्यूंच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ टी. एच. सी. स्टीव्हन्सन यांनी पुरुषांच्या व्यवसायांचे आठ गट पाडले. पहिले पाच सामाजिक दर्जानुसार होते. कापड गिरण्यांतील कामगार, खाणकामगार आणि शेतमजूर यांचे मात्र त्यांनी तीन वेगळे गट केले. वडिलांचा व्यवसाय आणि बालमृत्यू यांचा संबंध त्यांना तपासायचा होता.

निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. सर्वांत वरच्या गटात दर हजार जन्मांमागे ७६ बालके पहिल्या वर्षात दगावत होती, तर खाणकामगारांच्या घरी हे प्रमाण १६० होते. केवळ गरिबीने याचा उलगडा होत नाही. कारण शेतमजुरांची मिळकत खाणकामगारांपेक्षा कमी होती, तरी त्यांच्या घरी हेच प्रमाण ९७ होते. तेव्हा कारणे पगाराच्या पलीकडे, घर आणि परिसर यांत शोधणे भाग होते. डरहॅममध्ये तर खाणीचे काम आणि खाणमालकाचे घर या गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या होत्या. ती घरे दाटीवाटीची असत आणि अशा दाटीबद्दल ही काउंटी कुप्रसिद्ध होती.

पुढे १९२१ च्या जनगणनेत ‘उद्योग’ आणि ‘व्यवसाय’ हे दोन वेगळे प्रश्न मानले गेले. खाणीच्या कचेरीतील कारकून हा कोळसा उद्योगातला, पण व्यवसायाने कारकून. खाणीत सुतार, लोहार, घोड्यांची निगा राखणारे अशी कितीतरी माणसे होती. हा भेद महत्त्वाचा खरा, पण प्रत्यक्ष कोळसा काढणाऱ्यांमध्येही कामांची मोठी उतरंड होती.

मुलगा ते म्हातारा

पंधराव्या वर्षी शाळा सुटली की खाणगावातील मुलगा बहुधा आधी खाणीच्या तोंडाशी कामाला लागे. वर आलेल्या कोळशातून दगड वेचणे हे त्याचे काम. पुढे तो खाली उतरे आणि गाड्या ओढणारी तट्टे हाकू लागे. अंगात ताकद आली की तो ‘पुटर’ होई. रिकाम्या गाड्या कोळसा खणणाऱ्यांपर्यंत पोचवायच्या आणि भरलेल्या परत आणायच्या, हे पुटरचे काम. त्यानंतर तो ‘हेवर’ म्हणजे प्रत्यक्ष कोळसा खणणारा होई. ही या धंद्यातील मानाची जागा. ‘डेप्युटी’ सुरक्षिततेवर देखरेख ठेवी. सुरक्षा-दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसू लागली की हवेत मिथेन आहे हे तो ओळखे. शाळेत आपण डेव्हीचा दिवा शिकवतो. त्याची खाणीतील पहिली चाचणी १८१६ च्या जानेवारीत याच काउंटीतील हेबर्न येथे झाली होती. वय झालेला किंवा जायबंदी झालेला हेवर मग पुन्हा हलक्या कामावर येई. कधी कधी तर ज्या दगड वेचण्यापासून त्याने सुरुवात केली होती, तेथेच तो परत जाई.

काम शरीरावरही आपली नोंद करीत असे. पश्चिम डरहॅममधील काही थर दोन फुटांच्या आसपास जाडीचे होते. तेथे माणूस कुशीवर पडून कोळसा खणत असे. सतत गुडघ्यांवर भार पडल्याने ते सुजून पिकत. मंद उजेडात वर्षानुवर्षे काम केल्याने बुबुळे थरथरत, त्या विकाराला ‘निस्टॅग्मस’ म्हणतात. धुळीने फुप्फुसे कठीण होत. आणि २९ मे १९५१ रोजी, जनगणनेनंतर दोन महिन्यांच्या आतच, ईझिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दाते पायराइट या खनिजावर घासून ठिणग्या उडाल्या, मिथेनने पेट घेतला आणि कोळशाच्या धुळीमुळे स्फोट दूरवर पसरला. पाळी बदलण्याची वेळ असल्याने दोन्ही पाळ्यांची माणसे खाली होती. ८१ कामगार आणि त्यांना वाचवायला गेलेले दोघे, असे ८३ जण गेले.

चिठ्ठ्या आणि सोबती

अशा कामात नशिबाचा भाग मोठा असतो. एका ठिकाणी थर जाड आणि कोरडा, तर दुसऱ्या ठिकाणी पातळ आणि पाणी गळणारा. मजुरी काढलेल्या कोळशावर असल्याने चांगली जागा म्हणजे चांगली मिळकत. मग चांगली जागा कोणाला द्यायची? मुकादमाच्या मर्जीवर हा निर्णय सोडायला डरहॅमचे कामगार तयार नव्हते. त्यांची रूढी अशी की दर तीन महिन्यांनी सर्वांच्या नावे चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जी जागा येईल ती त्याने घ्यायची. याला ते ‘कॅव्हिलिंग’ म्हणत. नशीब टाळता येत नाही, पण ते सर्वांत सारखे वाटता येते, हा संभाव्यतेचा धडा त्यांनी गणिताच्या पुस्तकाशिवाय शिकला होता.

दुसरी रूढी सोबत्यांची. कोळशाचेच जाड खांब ठेवत पुढे सरकण्याच्या जुन्या पद्धतीत एक जागा दोन ते सहा जणांच्या टोळीकडे असे. ते एकमेकांना ‘मॅरा’ म्हणत आणि आपले मॅरा स्वतः निवडत. वेगवेगळ्या पाळ्यांत ते त्याच जागी येत आणि आधीच्याने काम जेथे सोडले तेथून पुढे नेत. छताला आधार देणे, सुरुंग लावणे, कोळसा भरणे ही सगळी कामे प्रत्येकाला येत. मजुरी सर्वांची मिळून एकत्र येई आणि ती समान वाटली जाई. पाठीमागून येणारा आपलाच मॅरा असल्याने छत कच्चे ठेवून घरी जाण्याची कोणाची छाती नव्हती.

एकच यंत्र, दोन व्यवस्था

विसाव्या शतकात कापणीची यंत्रे आणि वाहक पट्टे आले. शे-दोनशे मीटर लांबीची सलग भिंत एकदम काढण्याची ‘लाँगवॉल’ पद्धत रूढ झाली. तिचे काम तीन पाळ्यांत वाटलेले असे. एका पाळीने थराच्या तळाशी खाच पाडायची, दुसरीने पट्टा पुढे सरकवायचा आणि वाटेचे छत उंच करायचे, तिसरीने कोळसा भरायचा. प्रत्येकाला एकच काम आणि प्रत्येक कामाची मजुरी वेगळी. एक पाळी मागे पडली की पुढची अडे आणि दोष एकमेकांवर ढकलला जाई. १ जानेवारी १९४७ रोजी खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, पण ही अडचण कायम राहिली.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधील एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. बॅमफर्थ स्वतः पूर्वी खाणकामगार होते. त्यानंतर ट्रिस्ट व त्यांचे सहकारी डरहॅममध्ये आले. तेथे त्यांना काही ठिकाणी वेगळेच चित्र दिसले. यंत्रे नवी, लाँगवॉलची. पण कामगारांनी व्यवस्था जुन्या मॅरांसारखी ठेवली होती. ४१ जणांची टोळी त्यांनी स्वतः जमवली होती. कोणी कोणत्या पाळीत काय करायचे ते टोळीच ठरवी, कामे आळीपाळीने बदलत आणि मजुरी समान वाटली जाई. आपले काम लवकर संपले तर माणसे पुढच्या पाळीचे काम हाती घेत.

संशोधकांनी या टोळीची तुलना तशाच थरातील, तशाच यंत्रांच्या, नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या ४१ जणांच्या टोळीशी केली. शक्य तेवढ्या उत्पादनाच्या मानाने नेहमीची टोळी ७८ टक्के कोळसा काढी, तर स्वयंव्यवस्थित टोळी ९५ टक्के. गैरहजेरी पहिलीत २० टक्के होती, दुसरीत ८.२. अपघातामुळे बुडालेल्या पाळ्या पहिलीत ६.८ टक्के होत्या, दुसरीत ३.२. या दोनच टोळ्यांची तुलना आहे आणि दुसरीतील माणसांनी एकमेकांना स्वतः निवडले होते, हे ध्यानात घेऊन निष्कर्ष जपूनच काढायला हवेत. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्र कोणते हे ठरले म्हणजे काम कसे हे ठरत नाही. जनगणनेच्या रकान्यात मात्र दोन्ही टोळ्यांतील ८२ जण सारखेच दिसले असते.

याच विचाराचा एक धागा आपल्या देशातही आला. टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस यांनी १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये असाच प्रयोग केला. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होते. स्वयंचलित मागांच्या विभागात प्रत्येक माणूस एकेका कामापुरता बांधलेला होता. राइस यांनी सुचवले की लहान गट करावेत आणि ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एकेका गटाकडे द्यावी. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि स्वतःच गट पाडले. कालांतराने उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले.

रकाना रिकामा झाल्यावर

डरहॅमच्या जनगणनेच्याच वर्षी काउंटीचा विकास आराखडाही तयार झाला. त्यात वस्त्यांची चार वर्गांत विभागणी होती. ‘ड’ वर्गातील ११४ गावांतील खाणी संपत आल्या होत्या, सबब तेथे नवे बांधकाम वा सुधारणा करायची नाही असे ठरले. पुढे ही संख्या १२१ झाली. खाण संपली की गावाचे प्रयोजन संपले, असा हा हिशेब होता. गावकऱ्यांना तो मान्य नव्हता. त्यांच्या विरोधामुळे बरीच गावे वाचली आणि १९७७ मध्ये हे धोरण सोडण्यात आले. पूर्वेकडील खाणीही पुढे बंद पडल्या. कॉन्सेटचा कारखाना १९८० मध्ये, शिल्डनचा १९८४ मध्ये आणि संडरलंडच्या गोद्या १९८८ मध्ये थांबल्या. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वेअरमथ ही डरहॅम कोळसापट्ट्यातील शेवटची खोल खाणही. १९५१ मध्ये जो रकाना भरणे सर्वांत सोपे होते, त्यात चाळीसएक वर्षांनी काय लिहावे हा हजारो घरांपुढचा प्रश्न झाला. आणि व्यवसायाबरोबर चिठ्ठ्यांची रूढी, मॅरांचा विश्वास आणि छताचा आवाज ऐकून धोका ओळखणारे कानही गेले. त्यांच्यासाठी तक्त्यात जागाच नव्हती.

शिक्षकांना या विषयावर वर्गात एक उपक्रम घेता येईल. ‘गिरणी कामगार’ या शब्दात साचेवाला, जॉबर, बदली अशी किती वेगवेगळी माणसे होती, याची मुंबईच्या वाचकांना कल्पना असेलच. मुलांना आपल्या गावातील एक व्यवसाय निवडू द्यावा, मग तो ऊसतोडीचा असो, मासेमारीचा असो वा एस.टी.च्या आगारातला. त्यातील कामांना लोक वापरतात ती नावे जमवावीत आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. तुमचे काम पुढे कोण नेतो? तुम्ही आला नाहीत तर ते कोणाला येते? आणि अवघड जागा कोणाच्या वाट्याला जाते, ते कोण ठरवतो? डरहॅमच्या कामगारांकडे तिसऱ्या प्रश्नाला एक साधे उत्तर होते. मुलांना मिळालेली उत्तरे त्याच्याशेजारी ठेवून पाहावीत.