वर्धा : कुटुंब व शिक्षणविषयक परंपरानिष्ठ विचार

घर ही मुलाची पहिली शाळा आणि आई ही पहिली शिक्षिका, असे मानणारे दोन विचारप्रवाह वर्ध्यात वर्षभराच्या अंतराने संघटित झाले : राष्ट्र सेविका समिती (१९३६) व महात्मा गांधींची नई तालीम, म्हणजेच वर्धा शिक्षण योजना (१९३७). नई तालीमला परंपरानिष्ठ म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. येथे तिचा विचार मातृभाषा, श्रम व घर एवढ्यापुरताच केला आहे.

राष्ट्र सेविका समिती : लक्ष्मीबाई ऊर्फ मावशी केळकर (१९०५–१९७८) यांनी २५ ऑक्टोबर १९३६ रोजी, विजयादशमीला, वर्ध्यात स्थापन केली. त्या माहेरच्या कमल दाते. पती पुरुषोत्तमराव वर्ध्यात वकिली करीत. १९३२ मध्ये मावशींना वैधव्य आले. मुलगे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेत जात असल्याने त्यांचा संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांच्याशी परिचय झाला आणि त्यातून स्त्रियांची स्वतंत्र, समांतर संघटना उभी राहिली. मातृत्वासाठी जिजाबाई, कर्तृत्वासाठी अहिल्याबाई होळकर व नेतृत्वासाठी झाशीची राणी हे समितीचे आदर्श. समितीच्या शाखेत प्रार्थनेबरोबर लाठीही शिकवली जाई. मावशींची रामायणावरील प्रवचने प्रसिद्ध होती. घराला केंद्रस्थानी मानणाऱ्या या विचाराचा पाया पदरी मुले असलेल्या एका विधवेने सार्वजनिक कार्यात उतरून घातला. समितीचे मूल्यमापन करताना ही बाब वगळता येत नाही.

वर्धा शिक्षण योजना : मारवाडी विद्यालयाच्या (पुढे नवभारत विद्यालय) रौप्यमहोत्सवानिमित्त २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा, असे ठराव झाले. परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिला. त्यातील वेळापत्रक मुळातून पाहण्याजोगे आहे : साडेपाच तासांपैकी मूलोद्योगाला (गाभ्याच्या हस्तोद्योगाला) ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे, व्यायामाला १० मिनिटे आणि मधल्या सुट्टीला १० मिनिटे. मुलाचा शाळेतील निम्म्याहून अधिक वेळ टकळी, पेळू, सूत यांच्या हातकामात जावा, ही अपेक्षा त्यात स्पष्ट आहे. पाचव्या इयत्तेपर्यंत मुलामुलींचा अभ्यासक्रम जवळपास एकच होता. सहावी-सातवीत मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा होती. घरकाम हे शिकण्याजोगे शास्त्र आहे, हे यात मान्य झाले. मात्र ते मुलग्यांनाही शिकवायला हवे होते. योजना राबवण्यासाठी सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी हे तेथील प्रमुख कार्यकर्ते.

बालसंगोपन : १९४५ मध्ये गांधींनी नई तालीमची कक्षा गर्भधारणेपासून मृत्यूपर्यंत विस्तारली. पूर्वबुनियादी (शाळापूर्व) वर्गांचा अनुभव शांता नारुळकर यांनी ग्रंथरूपाने मांडला.

सद्यःस्थिती : सेवाग्रामच्या नई तालीम परिसरात २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा चालते.