एका थेंबाची परीक्षा

मंडळी, गेला आठवडा इंटिग्रेशन टेस्टिंगमध्ये गेला. दोन्ही मॉड्यूल्स वेगवेगळी चालवली तर झकास, जोडली की बोंब! अशा वेळी मला पॉल तेरासाकी आठवतात.

हे लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेले जपानी वंशाचे अमेरिकन. १९४२ साली, पोरवयात, सरकारने त्यांच्या अख्ख्या कुटुंबाला उचलून ॲरिझोनातल्या छावणीत टाकलं. गुन्हा काय, तर वंश जपानी. असो.

१९६० च्या दशकात मूत्रपिंड बदलणं जमू लागलं होतं. पण कधीकधी भयंकर प्रकार व्हायचा. रक्त सुरू केलं की नवं मूत्रपिंड छान गुलाबी व्हायचं आणि थोड्याच वेळात डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत निळं पडायचं. रक्तगट जुळलेला, टाके व्यवस्थित, मग घोडं अडलं कुठे? तर रुग्णाच्या रक्तात परक्या पेशींना मारणारी प्रतिपिंडं आधीच तयार असायची. पूर्वी घेतलेल्या रक्तामुळे, बाळंतपणांमुळे किंवा आधीच्या प्रत्यारोपणामुळे.

तेरासाकींनी १९६४ साली एक चाचणी आणली. ट्रेमधल्या इवल्याशा खळग्यात फक्त एक मायक्रोलिटर सिरम, वर तेलाचा थर (नाहीतर एवढासा थेंब वाळूनच जायचा!). त्यात पांढऱ्या पेशी, मग सशाचं सिरम. पेशी मेल्या तर रंग शोषतात, सूक्ष्मदर्शकातून दिसतं. याच पद्धतीने दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं सिरम एकत्र केलं की झाला क्रॉसमॅच. म्हणजे शस्त्रक्रियेआधीच दोघांना जोडून बघायचं!

१९६९ साली पटेल आणि तेरासाकींनी २२५ प्रत्यारोपणांचा विदा छापला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असलेल्या ३० पैकी २४ मूत्रपिंडं लगेच निकामी झाली, निगेटिव्ह १९५ पैकी फक्त ८. आकडे वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसलो. ती २४ माणसं होती हो.

पण मला भावतो तो पुढचा किस्सा. पेशींवरचे एचएलए गट जितके जुळतील तितकं मूत्रपिंड टिकेल, असं सगळे धरून चालले होते. तेरासाकींचं सगळं काम त्या गटांवरच उभं. १९७० मध्ये हेगच्या परिषदेत त्यांनीच सांगितलं, की मृत दात्यांच्या मूत्रपिंडांत तसं दिसत नाही. बक्षीस काय मिळालं? सरकारी अनुदान बंद! (पुढे कितीतरी मोठा विदा जमल्यावर कळलं, की जुळण्याचा फायदा आहे, पण वाटला होता तेवढा नाही.)

क्रॉसमॅच मात्र आजही बघतात, पद्धती सुधारल्यात इतकंच. आणि तेरासाकींनी २०१० मध्ये आपल्या विद्यापीठाला ५ कोटी डॉलर देऊन टाकले.

चला, माझी मॉड्यूल्स वाट बघताहेत. आधी चहा.