रंगभवनच्या गल्लीपर्यंत

गोरेगावच्या आरे कॉलनीत फोर्स वन या कमांडो दलाला तळासाठी जागा मिळाली. हे दल 24 नोव्हेंबर 2009 रोजी उभं राहिलं. ते का उभारावं लागलं, हे समजून घ्यायचं तर आदल्या वर्षीची 26 नोव्हेंबरची, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची रात्र तासातासाने पाहायला हवी. मी ती पोलीस निरीक्षक विजय साळसकरांच्या अंगाने पाहतो.

साळसकर 1983 मध्ये उपनिरीक्षक म्हणून भरती झाले. गवळी टोळीचं कंबरडं मोडणारा, 1996 मध्ये गुंड अमर नाईकला टिपणारा अधिकारी ही त्यांची ओळख. त्या काळातल्या चकमकींवर कोर्टात प्रश्न उठले, तेही सांगायला हवं. पण त्यांचं खरं बळ खबऱ्यांच्या जाळ्यात होतं. माणूस कुठे आहे आणि सोबत कोण आहे, हे त्यांना आधी कळायचं. मग ते निघायचे.

रात्री साडेआठच्या पुढे : कफ परेडच्या मच्छीमार कॉलनीत रबरी होडीतून दहा जण उतरले. कोळ्यांनी हटकलं, पण ते पाठीवरच्या पिशव्या सावरत पांगले.

साडेनऊनंतर : आधी लिओपोल्ड कॅफे, मग सीएसटी. त्या दहांपैकी कसाब आणि अबू इस्माईल यांनी स्थानकात पन्नासहून अधिक माणसं मारली. समोर पोलिसांच्या हातात जुन्या रायफली आणि काठ्या.

पावणेअकराच्या सुमारास : विलेपार्ल्यात टॅक्सीत स्फोट झाला. पश्चिम द्रुतगती मार्गावर. हल्लेखोर किती, कुठे कुठे, याचा कुणालाच अंदाज येईना.

अकराच्या सुमारास : कसाब आणि इस्माईल कामा रुग्णालयात. अतिरिक्त आयुक्त सदानंद दाते मोजक्या माणसांनिशी वर झुंजत होते आणि मदत मागत होते. हातबॉम्बने तेही जखमी झाले. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला दहशतवादविरोधी पथकाचे (एटीएस) प्रमुख हेमंत करकरे, पोलीस अधिकारी अशोक कामटे आणि खंडणीविरोधी पथकाचे साळसकर जमले. साडेअकराच्या आधी करकरेंनी वायरलेसवरून पुढच्या बाजूने कुमक पाठवून वेढा घालायला सांगितलं. वेढा पडला असता तर कसाब आणि इस्माईल मागच्या गल्लीत उतरूच शकले नसते, असं मला ठामपणे वाटतं.

बाराच्या सुमारास : दातेंकडे पोहोचायचं म्हणून तिघे क्वालिसमध्ये बसले. साळसकरांनी चालकाला बाजूला सरकायला सांगून स्टिअरिंग स्वतः घेतलं. शेजारी कामटे, मधल्या सीटवर करकरे, मागे चार शिपाई. त्यांपैकी अरुण जाधव साळसकरांच्या पथकातले. गाडी सेंट झेवियर्सच्या मागच्या रंगभवनच्या गल्लीत शिरली. वायरलेसवर लाल गाडीआड दोघे लपल्याचं सांगितलं जात होतं. एवढीच खबर. उभ्या आयुष्यात ज्या अधिकाऱ्याने पक्क्या टिपेशिवाय पाऊल उचललं नाही, तो त्या रात्री अर्ध्या वाक्यावर गाडी हाकत होता.

झाडाआडून एके-47 चालल्या. कामटेंच्या गोळ्यांनी कसाब जखमी झाला, तरी काही क्षणांत सगळं संपलं. हल्लेखोरांनी तिघा अधिकाऱ्यांना रस्त्यावर ओढून टाकलं आणि तीच गाडी पळवली. मागे साथीदारांच्या मृतदेहांखाली गोळ्या लागलेले जाधव श्वास दाबून पडले होते. मेट्रो सिनेमापाशी त्याच पोलीस गाडीतून गर्दीवर गोळ्या सुटल्या. पुढे टायर फुटला, हल्लेखोरांनी दुसरी गाडी हिसकावली, तेव्हा कुठे जाधवांनी वायरलेसवर गल्लीतला प्रकार कळवला.

साडेबारानंतर : गिरगाव चौपाटीला पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळेंनी कसाबच्या बंदुकीच्या गोळ्या अंगावर झेलल्या, म्हणून तो जिवंत सापडला.

साळसकर, करकरे, कामटे आणि ओंबळे यांना 26 जानेवारी 2009 रोजी मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पण त्या गल्लीत नेमकं काय घडलं, हे घरच्यांना कुणी नीट सांगितलं नाही. अखेर कामटेंच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागवल्या आणि करकरेंनी मागितलेली कुमक का गेली नाही, हा प्रश्न जाहीरपणे विचारला.